आधी पाय तपासू, मग फिल्म बघू

श्रोतेहो, नमस्कार. ‘डॉक्टर, नस दबलीय,’ असं म्हणत एमआरआयची फिल्म पुढे करणारे पेशंट रोज येतात. फिल्म मी बघतेच, पण त्याआधी पाय तपासते.

कमरेचे मणके पाच. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्याखाली पोकळीतून उतरतो तो नसांच्या मुळांचा झुपका. मणक्यांमधली गादी मागे सरकली की यातलं एखादं मूळ चेपतं. कुठलं? चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली, तर बहुधा पाचवं. कारण चौथं मूळ त्या गादीच्या वरूनच बाहेर पडून गेलेलं असतं.

पाचव्या मुळाची कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलावर, अंगठ्याकडे उतरते. मी पेशंटला अंगठा वर ताणायला सांगते आणि बोटाने खाली दाबते. चांगल्या पायाचा अंगठा हटत नाही, दुखऱ्या पायाचा मात्र लगेच खाली जातो. टाचांवर चालायला सांगितलं, तर चवडा खाली पडतो. त्याखालचं, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातलं पहिलं मूळ चेपलं, तर मुंग्या करंगळीकडे येतात, एका पायाच्या चवड्यावर उभं राहणं जमत नाही आणि टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली तरी पाऊल उसळत नाही. चौथं मूळ असेल, तर गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पायाला बसणारा झटका मंदावतो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते, की कंबर कधीच न दुखलेल्या कित्येकांच्या फिल्मवरही सरकलेली गादी दिसते. फिल्म आणि पाय एकच मूळ दाखवत असतील, तरच त्या गादीला दोष द्यायचा. शिवाय बहुतेकांचं हे दुखणं काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय ओसरतं. नुसता रिपोर्ट वाचून घाबरू नका.

घाबरायचं ते वेगळ्या लक्षणांना. लघवी अडली, तुंबलेली कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, किंवा सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर झाला, तर झुपक्यातली बरीच मुळं एकदम चेपलेली असू शकतात. अशा वेळी उद्यावर ढकलू नका. रात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठा. लाजेपायी, विशेषतः बायका, हे सांगतच नाहीत, नुसती कंबर दुखते म्हणतात. तिथे पोचल्यावर लघवीचं आधी सांगा, कमरेचं नंतर.