मेणबत्त्यांच्या उजेडासाठी बांधलेलं घर

(दृश्य: इमारतीचा दर्शनी भाग, सकाळ)

हे इंग्लंडमधलं बाथ शहर, आणि समोर आहेत इथल्या असेम्ब्ली रूम्स, म्हणजे लोकांनी नाच, चहा आणि पत्त्यांसाठी जमायची दालनं. खरं सांगायचं तर बाहेरून इमारत फारशी नजरेत भरत नाही. मधाच्या रंगाचा स्थानिक दगड, साध्या भिंती. आपल्या जुन्या वाड्यांसारखीच गत, सगळी श्रीमंती आत.

रॉबर्ट ॲडम या नामवंत वास्तुकाराचा आराखडा खर्चिक म्हणून मागे पडला. काम मिळालं धाकट्या जॉन वुड या वास्तुकाराला (वडिलांचंही नाव जॉन वुड, म्हणून हा धाकटा). १७७१ मध्ये दारं उघडली.

(दृश्य: नाचाचा हॉल, कॅमेरा जमिनीवरून हळूहळू वर)

लांबी १०६ फूट. रुंदी आणि उंची जवळपास सारखीच, सुमारे ४२ फूट. आता खिडक्या शोधा. पार वर, छताखाली! रस्त्यावरच्याला आत डोकावता येऊ नये, कोंडलेली हवा वरून निघून जावी आणि खाली भिंतीलगत बसायला जागा उरावी, म्हणून. नाच सुरू व्हायचा संध्याकाळी सहाला, संपायचा अकराला. बाहेरचा देखावा हवा होता कुणाला? बघायचं होतं ते एकमेकांकडे, तेही मेणबत्त्यांच्या उजेडात.

म्हणून इथे खरा मान झुंबरांचा. पहिली झुंबरं जोनाथन कॉलेटची. हॉल सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, तोच एका झुंबराची काचेची फांदी निखळून खाली आली. खाली होते चित्रकार गेन्सबरो. थोडक्यात वाचले! मग विल्यम पार्करकडून नवी पाच झुंबरं करून घेतली. जुन्यांच्या चांगल्या तुकड्यांतून एक झुंबर जुळवलं, ते शेजारच्या अष्टकोनी दालनात टांगलं.

(दृश्य: अष्टकोनी दालन)

हे दालन म्हणजे इमारतीचा चौकच. इथून नाचाकडे, चहाकडे आणि १७७७ मध्ये जोडलेल्या पत्त्यांच्या खोलीकडे वळायचं. चहाच्या दालनात एका टोकाला खांबांवर खांब, दोन मजली. माझ्या मते वुडची सगळ्यात देखणी जागा हीच.

(दृश्य: जळालेल्या इमारतीची जुनी छायाचित्रं)

एप्रिल १९४२. जर्मन बॉम्बहल्ल्यात छत गेलं, आतलं सगळं जळालं, उरल्या त्या भिंती. झुंबरं मात्र युद्ध सुरू झाल्यावर उतरवून सुरक्षित जागी हलवली होती. १९६३ मध्ये इमारत पुन्हा उघडली.

(दृश्य: झुंबर, अगदी जवळून)

छत नवं, गिलावा नवा. काच मात्र तीच, अठराव्या शतकातली.