तीच साडी परत नेसली तर काय झालं?

आयोजकांनी पत्रिकेत विषय छापलाय 'क्लासिक वॉर्डरोब आणि आत्मविश्वास', आणि मला वाटतं त्यामुळे अर्धी मंडळी इथे यादी उतरवून घ्यायला आलीत, पांढरा शर्ट एक, काळी पॅन्ट एक, बेज रंगाचं जॅकेट एक वगैरे. दुसऱ्या रांगेत वही-पेन काढून बसलेल्या ताई दिसतायत मला. ती यादी मोबाइलवर कुठेही मिळेल हो, पण ती लंडन-न्यूयॉर्कच्या हवेची यादी आहे, त्यात हमखास ट्रेंच कोट असतो, आणि ट्रेंच कोट घालून ऑक्टोबरात दुपारी दादरच्या पुलावर पाच मिनिटं उभं राहून बघा. त्यामुळे यादी देणार नाहीये. एकच गोष्ट सांगणार आहे, जरा पाल्हाळ लावून सांगेन, की कपाट चांगलं आहे की नाही हे त्यात किती कपडे कोंबलेत यावरून कळत नाही, त्यातला एकेक कपडा तुम्ही किती वेळा बिनधास्त रिपीट करता यावरून कळतं.

रिपीट म्हटलं की आपल्याकडे पोटात गोळा येतो. "अगं, ही साडी तू मंजूच्या लग्नातपण नेसली होतीस ना?" हे एक वाक्य कोणीतरी बोलेल म्हणून आपण दर सीझनला नवीन घेतो, आणि ती नवीन पण दोनदाच नेसली जाते. २००० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. एकेका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो नावाच्या गायकाचा मोठा फोटो असलेला टी-शर्ट घालायला लावला, त्या पोरांच्या दृष्टीनं एकदम लाजिरवाणा, आणि बाकीचे बसलेल्या खोलीत पाठवलं, मग बाहेर बोलावून विचारलं की किती जणांच्या लक्षात आलं असेल. सरासरी अंदाज साधारण निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना सांगता आलं की टी-शर्टवर कोण होतं. आता त्या खोलीत आपल्या मावशा आणि चुलत सासवा नव्हत्या हे मान्य, नाहीतर आकडा शंभर टक्के गेला असता, पण ऑफिसमध्ये, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगला तुम्ही मंगळवारचा शर्ट शुक्रवारी परत घातलात तर खरंच कोणी बघत नसतं.

मग आपण रिपीट का करत नाही? माझं स्पष्ट मत आहे, लोक काय म्हणतील हे निम्मं कारण, उरलेलं निम्मं म्हणजे तो कपडा आपल्यालाच नकोसा झालेला असतो. खांद्यावरून घसरतो, काखेत काचतो, तीन धुण्यात विटतो, घाम आला की अंगाला चिकटतो. मग आपण म्हणतो माझ्याकडे घालायला काहीच नाही, आणि कपाटाचं दार तर बंद होत नाहीये.

म्हणून आधी कापड. घामाचं गणित सोपं आहे. प्रयोगशाळेतल्या ठरलेल्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण ७-८ टक्के ओलावा धरून ठेवतो, लिनन १२ च्या आसपास आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे मे महिन्यात विरार फास्टमध्ये पॉलिस्टरच्या कुर्त्यात तुमचा घाम कापडात जातच नाही, तो पाठीवरून खाली ओघळतो. (हशा) हसू नका, सगळ्यांनी अनुभवलंय. खेळाचे कपडे पॉलिस्टरचे असतात ते वेगळ्या विणीचे, घाम पसरवून वाळवायला बनवलेले, तो विषय वेगळा. रोजच्याला सुती, नाहीतर सुतीत थोडा लायक्रा, आणि चुरगळलेलं चालत असेल तर लिनन. रेयॉनचं कापड दुकानात हाताला फार गोड लागतं, अंगावर पडतंही छान, पण ओलं झालं की कमजोर होतं, आटतंही, तेव्हा ते मशीनमध्ये जीन्सबरोबर टाकून वर्षभर टिकेल अशी आशा धरू नका.

कापड कुठे घ्यायचं हे मुंबईकरांना मी काय सांगणार. क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट आहे, हिंदमाता आहे, तेच जिथे जोराचा पाऊस झाला की आधी पाणी भरतं आणि मग टीव्हीवाले पोचतात. ज्या गिरण्यांनी हे शहर उभं केलं त्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडत गेल्या आणि परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे, आपण तिथे जाऊन बाहेरून शिवून आलेला शर्ट घेतो, त्यावर मी जास्त बोलत नाही, माझा गळा भरून येतो आणि वेळ जातो. मुद्दा असा की कापड घेऊन शिवून घेण्याची सोय या शहरात अजून शिल्लक आहे, ती वापरा. मोठ्या पन्ह्याचं, म्हणजे ५८ इंच रुंदीचं कापड असेल तर मध्यम बांध्याच्या माणसाच्या फुल शर्टाला साधारण १ मीटर ६० सेंटीमीटर लागतं, ३६ च्या लहान पन्ह्याला सव्वादोन ते अडीच मीटर, आणि दुकानदार तीन म्हणाला तर एकदा विचारा कशाला. घरी आणलं की शिवायला टाकायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. सुती कापड आटायचं ते आधीच आटू दे, शिवल्यावर आटलं तर दोष टेलरला देता येत नाही.

आता जरा उभे राहा सगळे. खरंच उभे राहा. उजवा हात वर करा, लोकलमधली कडी पकडल्यासारखा. आता बघा, किती जणांचा शर्ट पॅन्टमधून बाहेर आला, किती जणींचा कुर्ता चार बोटं वर गेला आणि पाठीवर ताण आला? बसा. ट्रायल रूममध्ये आपण हात खाली सोडून, पोट आत घेऊन उभे राहतो, पण दिवसभरात असं कोण उभं राहतं? याला कारणीभूत आहे मुंढा, म्हणजे बाही जिथे शर्टाला जोडतात ती काखेभोवतीची गोलाई. लोकांची समजूत असते की मुंढा ढगळ असला की हात मोकळा राहतो. आहे बरोबर उलटं. मुंढा खाली लोंबत असेल तर बाही थेट छातीखालच्या कापडाला जोडलेली असते, हात उचलला की ती अख्खा शर्ट घेऊन वर जाते. मुंढा काखेच्या जवळ असेल, टोचणार नाही इतपत जवळ, तर फक्त बाही हलते आणि बाकीचा शर्ट जागच्या जागी राहतो. रेडीमेडवाले मुंढा खाली ठेवतात कारण एकाच मापात वेगवेगळ्या अंगाची माणसं बसवायची असतात, त्यांचंही बरोबर आहे. पण तुम्ही घेताना लक्षात ठेवा की कंबर आत घेता येते, लांबी कमी होते, बाही छोटी होते, पण खांदा आणि मुंढा बसला नसेल तर तो कपडा तिथेच ठेवा, अगदी पन्नास टक्के सेल असला तरी. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, दंडावर नाही. फॅशन स्ट्रीटवर घेत असाल तर तिथे ट्रायल रूम नाही, पण शर्टावरून शर्ट घालून बघायला कोणी अडवत नाही, आणि हात तिथेही वर करता येतो.

टेलरकडे जाताना "जरा फिटिंगमध्ये करा" एवढंच सांगून येऊ नका, फिटिंग म्हणजे त्यांना वाटतं श्वास घेता येणार नाही असं करायचं. बायका मापाचा ब्लाउज देतात ना, तशी पुरुषांनीही अंगाला सगळ्यात नीट बसणारा एक शर्ट मापाचा म्हणून द्यावा. आत शिवणीत जास्तीचं कापड, म्हणजे मार्जिन, सोडायला सांगा, इंचभर तरी, कारण आपण जाड होणार हे सगळ्यांना माहिती आहे फक्त आपल्याला सोडून. आणि गणपती-दिवाळीच्या तोंडावर नेऊन टाकू नका, त्या दिवसात देवही वेळेवर शिवून देणार नाही.

रंगांचं थोडक्यात सांगतो. नवीन वरचा कपडा घेताना घरातल्या दोन तरी खालच्या कपड्यांवर तो जातो का बघा, जात नसेल तर त्याच्यासाठी अजून एक खरेदी लागणार. नेव्ही, राखाडी, ऑफव्हाइट, मरून, बॉटल ग्रीन ही आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर खुलणारी मंडळी आहेत, त्यात तुमचे तीन धरा. गोरं दिसण्यासाठी रंग निवडायचा हा धंदा मात्र बंद करा, कृपया.

मध्येच एका काकांनी चिठ्ठी पाठवलीय, "कपड्यात काय ठेवलंय, माणूस आतून चांगला पाहिजे." काका, वाक्य छान आहे, पण ज्यांना कपडे निवडायची मोकळीक कायमच होती त्यांच्या तोंडी ते शोभतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, सत्याग्रह परिषदेच्या वेळी, बाबासाहेबांनी बायकांसमोर वेगळं भाषण केलं होतं, आणि त्यात लुगडं कसं नेसायचं, अंगावर कुठले दागिने घालायचे नाहीत, कपडा फाटका असला तरी स्वच्छ कसा ठेवायचा याबद्दल ते सविस्तर बोलले, कारण नेसण्यावरून बाई कुठल्या जातीची हे लांबूनच ओळखलं जायचं. तिथल्या बायकांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली. आणि स्वतः बाबासाहेब सुटाबुटात. त्याच्या सहा वर्षं आधी, १९२१ मध्ये मदुराईत गांधीजींनी उलटा निर्णय घेतला, एवढासा पंचा, आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. एकानं अंगावर सूट चढवला, दुसऱ्यानं होतं तेही उतरवलं, पण दोघांनी ठरवून केलं आणि दोघांनीही आयुष्यभर रिपीट केलं. मला आत्मविश्वास म्हणतात तो याच्यात दिसतो, आरशासमोर "यू कॅन डू इट" म्हणण्यात नाही दिसत.

साड्यांबद्दल विचारणार आहात माहितीये. इरकल घ्या, सुती किंवा सुती-रेशमी. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची ही साडी, हिचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात, पदर सुरू होतो तिथे नीट बघा, दिसेल. आईची इरकल ऑफिसला नेसा, लग्नातही नेसा, ब्लाउज बदलला की पुरे. पैठणी मात्र फडताळात पुरून ठेवू नका, ती घडीवर उसवते. दर काही महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला, मलमलच्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. पावसाळ्यात आपल्या मुंबईत चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, भिंतींना ओल येते तशी कपाटालाही येते, तेव्हा उघडीप मिळाली की दारं उघडी टाका आणि चामड्याचे बूट-पट्टे बाहेर काढून पुसा, नाहीतर गणपतीपर्यंत बुरशी.

शेवटचा प्रश्न मागे उभ्या असलेल्या मुलाचा आहे, पहिला जॉब इंटरव्ह्यू आहे, बजेट कमी आहे, सूट भाड्यानं आणू का. नको रे बाबा. भाड्याच्या सुटाचा खांदा दुसऱ्याचा असतो आणि तू अर्धा वेळ तो ओढत बसशील. एक फिकट निळा सुती शर्ट, एक नेव्ही किंवा गडद राखाडी पॅन्ट, आणि पॅन्टची लांबी बूट घालून मापून घे, चपलेवर नको, बुटावर टेकेल एवढीच ठेव, खाली गोळा व्हायला नको. पट्टा बुटाच्या रंगाचा. आणि तो सगळा सेट इंटरव्ह्यूच्या आधी दोनदा घालून फिरून ये, एकदा गर्दीच्या लोकलनं, कडी पकडून. बूट नवीन असेल तर तो आधीच लागून घेईल, टाचेला पट्टी लावायची ती घरी लावशील, लिफ्टमध्ये नाही.