टीबी कोणाकडून लागला, हे कैद्याने सिद्ध करायचं?

आज एकाच खटल्यावर जरा सविस्तर बोलतो. केप टाउनजवळच्या पोल्समूर तुरुंगात 1999च्या नोव्हेंबरमध्ये डडली ली नावाचा गृहस्थ कच्चा कैदी म्हणून दाखल झाला. तारखांवर तारखा पडत गेल्या, सत्तरेक वेळा त्याला कोर्टात नेऊन परत आणलं, आणि 2004 साली तो निर्दोष सुटला. पण त्याआधी, 2003मध्ये, आतच त्याला टीबी झाला होता. एकट्यासाठी बांधलेल्या कोठडीत तिघं, आणि दिवसाचे 23 तास दार बंद. खोकणाऱ्याला वेगळं ठेवण्याची धड व्यवस्था नाही.

लीने सरकारवर भरपाईचा दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकला, अपिलात हरला. अपील न्यायालय म्हणालं, तुरुंगाची हलगर्जी झाली हे खरं. पण व्यवस्था चोख असती तर याला टीबी झालाच नसता, हे कुठे सिद्ध झालंय? जंतू कोणाकडून आले तेच ठाऊक नाही. आता बघा, कोणाशेजारी झोपायचं हे कैदी ठरवत नाही. मग पुरावा त्याने आणायचा कुठून? मला हा युक्तिवाद निर्दय वाटतो.

डिसेंबर 2012मध्ये संविधान न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरवला. वाजवी काळजी घेतली असती तर धोका कमी झाला असता, एवढं दिसलं तरी जबाबदारी सरकारची. हे न्यायालय जोहान्सबर्गच्या जुन्या किल्ला-तुरुंगाच्या आवारात उभं आहे. गांधीजी 1908मध्ये तिथेच कैदेत होते. कच्च्या कैद्यांची बराक पाडून तिच्या विटा न्यायदालनाच्या भिंतीला लावल्या आहेत.

निकालाने पोल्समूर रिकामं झालं नाही. लीच्या खटल्यात अल्पमतात राहिलेले न्यायमूर्ती एडविन कॅमेरॉन 2015मध्ये स्वतः तिथे जाऊन आले. घाणेरडी अंथरुणं, खरूज, गळवं, सगळं त्यांनी अहवालात लिहिलं. सोंके जेंडर जस्टिस ही संस्था कोर्टात गेली, लॉयर्स फॉर ह्यूमन राइट्सने वकीलपत्र घेतलं. डिसेंबर 2016मध्ये आदेश झाला: सहा महिन्यांत कच्च्या कैद्यांची संख्या क्षमतेच्या 150 टक्क्यांच्या आत आणा. म्हणजे दोघांच्या जागेत तिघं! एवढ्यासाठीही भांडावं लागलं.

शेजारच्या बोट्सवानात लढाई औषधाच्या गोळीची होती. एचआयव्हीची औषधं तिथल्या नागरिक कैद्यांना फुकट, परदेशी कैद्यांना नाही. झिम्बाब्वेचे दोन कैदी कोर्टात गेले. पाठीशी सदर्न आफ्रिका लिटिगेशन सेंटर होतं. सरकार खर्चाचं गाऱ्हाणं सांगत राहिलं. 2015च्या ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, परदेशी कैद्यांनाही औषधं फुकटच द्यायची.