नाव सांगणारा सर्व्हर

(नागपूरचं परसोडी, आयटी पार्कचा परिसर. मे महिन्याची दुपार. खिडकीत कूलर घरघरतोय, टेबलावर काळा स्क्रीन.)

या दोन खोल्यांतून इतवारीतल्या कापड दुकानांच्या, काटोलच्या संत्रा व्यापाऱ्यांच्या वेबसाइट चालतात. कोणी नाव टाइप केलं की त्यामागचा आयपी पत्ता आमचा नेम सर्व्हर सांगतो. तो गप्प झाला, तर वेबसाइट धडधाकट असूनही कोणाला सापडत नाही. म्हणून या कामाला कोणतं सॉफ्टवेअर बसवायचं, यावर आम्ही दोन आठवडे वाद घातला.

सगळ्यांच्या ओठावरचं नाव बाइंड. १९८० च्या दशकात बर्कलीत जन्मलेलं, आज आयएससी ही संस्था त्याला सांभाळते. जुलै २०१५ मध्ये त्यात एक भोक उघड झालं. टीकी प्रकारची (दोन सर्व्हरांनी आपसांत गुप्त किल्ली ठरवायची), मुद्दाम वाकडी घडवलेली एकच विनंती आली की अख्खा नेम सर्व्हर बंद! कोणाला उत्तर द्यायचं याची यादी कितीही काटेकोर लावा, ती तपासली जाण्याआधीच घात झालेला असायचा. अपडेट हाच उपाय, आणि आयएससीनं तो लगेच दिला. पण आमच्याकडे आलेल्या एका ग्राहकाच्या सर्व्हरवरचं लिनक्सच इतकं जुनं होतं, की त्याला अपडेट मिळणं कधीचंच थांबलेलं. कमांड दिली, तर स्क्रीनवर एकच ओळ: नवीन काही नाही. ती वाचून पोटात गोळा आला होता.

डीजेबीडीएनएस या दुसऱ्या नेम सर्व्हरचंही नाव निघालं. त्यात सुरक्षेचं भोक दाखवणाऱ्याला ते लिहिणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइन यांनी १,००० डॉलर जाहीर केले होते. ते देण्याची वेळ थेट २००९ मध्ये आली. अशी कारागिरी विरळाच. पण त्यांची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि डीएनएससेक, म्हणजे उत्तर खरं असल्याची डिजिटल सही, त्यात नाही. उद्या काही निघालं तर दुरुस्त कोण करणार?

शेवटी एनएसडी घेतलं, नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्जचं. ते फक्त आपल्याकडच्या नावांची उत्तरं देतं, इतरांसाठी जगभर शोधाशोध करत नाही. काम कमी, म्हणून कोड कमी. २००३ साली के रूट सर्व्हरवर, म्हणजे जिथून नावांचा शोध सुरू होतो त्या मुळाच्या सर्व्हरांपैकी एकावर, हेच चढलं होतं. दुसऱ्या सर्व्हरवर मात्र मुद्दाम नॉट बसवलं, चेक प्रजासत्ताकाची डोमेन नावं सांभाळणाऱ्या संस्थेचं. एकाच चुकीनं दोन्ही सर्व्हर आडवे व्हायला नकोत.

(संध्याकाळ. कूलर बंद.)

आज नॉटची नवी आवृत्ती चढवली. डिग या नाव विचारणाऱ्या कमांडनं विचारलं, दुकानाच्या नावापुढे तोच आयपी आला. झोनचा, म्हणजे नावांच्या नोंदवहीचा, अनुक्रमांकही दोन्हीकडे सारखा. आता पहिल्या सर्व्हरची पाळी.