टॉर्क कन्व्हर्टर घरी बदलताना: शेवटचे नऊ मिलिमीटर

नमस्कार. मागे उभी आहे ती गाडी माझ्या मेव्हण्याची. चार दिवस झाले, पुढची चाकं काढून ठेवलीत, आणि तो रोज सकाळी फोन करतो.

तक्रार अशी. मडगावहून फोंड्याला येताना बोरीचा पूल मागे पडला, वेग साठच्या आसपास आला की गाडी थरथरायची. रम्बलरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी. ॲक्सिलरेटर सोडला की गप्प. संशय लॉक-अप क्लचवर. टॉर्क कन्व्हर्टर इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मध्ये बसतो. एरवी त्यात इंजिनाची ताकद तेलातून जाते: एक पंखा तेल फेकतो, समोरचा त्या तेलाने फिरतो, मधला स्टेटर परतणारं तेल वळवून सुरुवातीला जोर वाढवतो. वेग धरला की लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडतो. तो धड पकडत नसला की ही थरथर.

पण लगेच पाना उचलू नका. आधी एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, बदलून बघा, कित्येकदा तेवढ्यावर भागतं. आमचं पंधरा दिवसच भागलं. आणि गाडी एएमटी असेल, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्र बदलत असेल, तर हा व्हिडिओ इथेच बंद करा, त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. २०१४च्या सेलेरिओपासून आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' म्हणून एएमटी इतक्या विकल्या गेल्या, की मालकालाच ठाऊक नसतं.

जागा. आमच्या अंगणात माती, पावसात स्टँड सरळ आत जातो. सिमेंटची पक्की जमीन हवी. कौलांच्या वाशाला चेन ब्लॉक टांगू नका, छप्पर गिअरबॉक्ससाठी बांधलेलं नाही! बॅटरी सोडा, तेल काढा, ड्राइव्ह शाफ्ट काढा, इंजिनाला वरून सपोर्ट बार द्या. गिअरबॉक्सखाली ट्रान्समिशन जॅक आणि जोडीला दुसरा माणूस. एकट्याचं काम नाही.

बेलहाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलेलं घंटेसारखं तोंड, सोडण्याआधी कन्व्हर्टरचे फ्लेक्सप्लेटवरचे, म्हणजे इंजिनाच्या मागच्या फिरत्या तबकडीवरचे, बोल्ट काढायचे. बेलहाउसिंगच्या खिडकीतून एक दिसतो. क्रँक पुलीला पाना लावून इंजिन फिरवा, पुढचा समोर येतो.

आता हे जवळून बघा. गिअरबॉक्स खाली आला, कन्व्हर्टर अजून आतच आहे. बेलहाउसिंगच्या तोंडावर पट्टी आडवी ठेवली, व्हर्नियरने खोली मोजली: २१ मिलिमीटर. खडूने इथे भिंतीवर लिहून ठेवलंय. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल, तो तुम्हीच मोजा.

नवीन कन्व्हर्टर. पुढचं ऑइल सील नवीन, त्याच्या ओठाला एटीएफचं बोट. कन्व्हर्टरमध्ये लिटरभर एटीएफ हळूहळू ओतलं, म्हणजे पहिल्या स्टार्टला गिअरबॉक्सचा तेलपंप कोरडा फिरत नाही. मग सरळ धरून आत, डावी-उजवीकडे फिरवत. एक 'टक्'. दुसरा 'टक्'. इथे वाटतं बसला. मोजा: १२. नाही बसला! शाफ्ट आणि स्टेटरच्या खाचा जुळल्या, पंपाच्या नाहीत. परत फिरवा... हा, ऐकलं? आता २१.

पहिल्यांदा मी हे मोजलं नव्हतं. बेलहाउसिंगला बोटभर फट राहिली, मी बोल्ट आवळून ती बंद केली. पंपाचे तुकडे झाले, गिअरबॉक्स पुन्हा खाली. ती फट हाताने मिटली पाहिजे, बोल्टने नव्हे. मिटल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरायला हवा आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत थोडा पुढे ओढता यायला हवा. मगच त्याचे बोल्ट, मॅन्युअलमधल्या टॉर्कला.

गिअरबॉक्सच्या ऑइल पॅनमध्ये धातूचा चकचकीत कीस दिसला तर नुसता कन्व्हर्टर बदलून पैसे वाया. तो कीस तेलाच्या कूलरमध्ये आणि व्हॉल्व्ह बॉडीतही, म्हणजे तेलाची वाट ठरवून गिअर बदलणाऱ्या भागातही, गेलेला असतो. आमच्या पॅनमध्ये मॅग्नेटवर राखाडी चिखल तेवढा होता. तरी कूलर धुतला.

एटीएफ मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, पातळीही त्यात दिलेल्या तापमानाला बघायची. उद्या गाडी बोरीला नेतो. पुन्हा थरथरली, तर पुढचा व्हिडिओ व्हॉल्व्ह बॉडीचा.