एवढ्यात दुपार होते

(स्थानिक बेरोजगारीवरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘वाढती बेरोजगारी : उपाय आणि योजना’ असा छापला आहे. योजनांकडे येतोच. आधी एका गावात जाऊन येऊ.

व्हिएन्नापासून जवळच मारिएनथाल नावाची गिरणी-वस्ती आहे. १९२९-३० च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव एका झटक्यात बेकार झालं. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण संशोधक आपल्या सहकाऱ्यांसह तिथे गेले. भुकेली माणसं पेटून उठतील, असा तेव्हाचा एक समज होता. गाव पेटलं नाही, विझत गेलं. कामगारांच्या वाचनालयाचंच बघा. वर्गणी माफ झाली होती, वेळ तर प्रत्येकाकडे ढीगभर होता, तरी दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्यावर आली. संशोधक खिडकीत घड्याळ घेऊन बसले आणि रस्त्यावरून कोण किती वेगाने जातं ते टिपू लागले. बायका भराभर चालत होत्या, कारण घरचं काम सुटलं नव्हतं. पुरुष रेंगाळत, मध्येच थांबत. दिवस कसा गेला याचा तासातासाचा तक्ता लोकांकडून भरून घेतला, तेव्हा सकाळच्या एका रकान्यात एकाने लिहिलं, ‘एवढ्यात दुपार होते.’

पगार गेला की काय काय जातं याचा हिशेब करताना हे वाक्य माझ्या डोक्यातून हलत नाही. याहोडांनी पुढे तो हिशेब नीट मांडला. पैशाखेरीज नोकरी माणसाला दिवसाचा आकार देते, घराबाहेरच्या चार लोकांत नेते, कुणाच्या तरी उपयोगाला पडल्याचं समाधान देते, ओळख देते.

आता योजना. कारखाना बंद झाला की पहिली घोषणा प्रशिक्षणाची होते. ती करायला सोपी. उद्घाटन करता येतं, आकडा सांगता येतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशा एका कार्यक्रमाच्या समितीवर होतो. काम गेलेल्या कामगारांसाठी तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स. पहिल्या बाकावर पन्नाशी ओलांडलेले एक टर्नर बसायचे. अठ्ठावीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. टूल बोथट झालं की पाठमोरे असले तरी आवाजावरून ओळखणार. या गृहस्थांनी माउस मुठीत धरला, सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि म्हणाले, “साहेब, टेबल संपलं. आता?” वर्ग हसला, तेही हसले. तीन महिन्यांनी सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. आमच्या अहवालात ‘उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण’ असं लिहिलं गेलं. किती जणांना काम लागलं, हा रकानाच त्या फॉर्मात नव्हता. खाली माझीही सही आहे.

चूक कोर्समध्ये होती असं मला वाटत नाही, क्रमात होती. आम्ही आधी वर्ग भरवला आणि मग नोकरी शोधायला माणसं बाहेर सोडली. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात लोकांनी हा क्रम उलटा केला. १९९० च्या जानेवारीत तिथला लेव्हाय स्ट्रॉसचा शिवणकारखाना बंद झाला. हजाराहून अधिक माणसं रस्त्यावर आली, त्यांत मेक्सिकन वंशाच्या बायकाच जास्त. त्याच शहरात इस्पितळांसारख्या ठिकाणी चांगल्या पगाराच्या जागा निघत होत्या, पण शिवणयंत्रावर आयुष्य काढलेल्या बाईला त्या दारातून आत जाता येत नव्हतं. तिथल्या वस्त्यांमधल्या संघटना आधी मालकांकडे गेल्या. तुम्हाला कोणती माणसं लागणार आहेत, किती, आणि आम्ही तयार केली तर घेणार का, हे विचारून शब्द घेतला. अभ्यासक्रम त्यानंतर ठरला. ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ हे त्या उपक्रमाचं नाव.

आणि तो तीन महिन्यांचा नव्हता. कॉलेजातला दीर्घ अभ्यासक्रम, त्याच्या फीला मदत, पोरं सांभाळायची सोय, येण्याजाण्याचा खर्च आणि दर आठवड्याला समुपदेशकाबरोबर बैठक. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, एकाला उपक्रमात घेऊन आणि दुसऱ्याला बाहेर ठेवून, या उपक्रमाची तपासणी झाली. सुरुवातीला प्रशिक्षण घेणारे कमाईत मागेच होते, कारण ते वर्गात बसले होते. नंतर पुढे गेले, आणि दहा वर्षांनंतरही पुढेच राहिले. आपल्याकडचा अधिकारी पहिल्या वर्षीचा आकडा बघून ही योजना गुंडाळील, याबद्दल मला शंका नाही.

इतका वेळ का लागतो? पेनसिल्व्हेनियात बरीच वर्षं एकाच ठिकाणी नोकरी करून कपातीत गेलेल्या कामगारांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. पाच-सहा वर्षांनंतरही त्यांची कमाई आधी असती त्यापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होती. यातल्या अनेकांना दुसरं काम मिळालेलं होतं, हे लक्षात घ्या. एका यंत्राची, एका कारखान्याच्या पद्धतीची जी जाण वीस वर्षांत अंगात मुरते, तिला पुढच्या दारात कुणी भाव देत नाही.

भाव द्यायची सोय करता येते. फ्रान्सने २००२ च्या कायद्याने ती केली. कामातून शिकलेलं परीक्षकांपुढे मांडा, पटवून द्या, आणि वर्गात न बसता पूर्ण पदविका किंवा पदवी घ्या. जे येत नाही तेवढंच शिका. आमच्या टर्नरना आम्ही कॉम्प्युटरच्या श्रीगणेशापासून बसवलं. मापं, मिश्रधातू, ड्रॉइंग वाचणं यांतलं त्यांना काय येतं, हे कुणी विचारलंच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. स्वीडनमध्ये कपातीत सापडलेल्यांना दुसरं काम शोधायला मदत करणाऱ्या, मालक आणि युनियनच्या करारातून चालणाऱ्या परिषदा १९७४ पासून आहेत. मालक पगारखर्चातला छोटा हिस्सा तिथे नियमित भरतात. कपातीची नोटीस हातात पडली की सल्लागार कामाला लागतो, माणूस अजून कामावर असतानाच. ‘एवढ्यात दुपार होते’ या अवस्थेला पोचण्याआधी त्याला गाठायचं. सहा महिने घरी बसलेल्या माणसाला मुलाखतीला उभं करणं फार अवघड असतं. केलंय म्हणून सांगतो.

पण मुळात जागाच नसतील तर? शिकवून शिकवून फक्त रांगेतले नंबर बदलतात. अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेटी यांनी २०१० मध्ये अमेरिकी शहरांचा हिशेब मांडला. शहरात कारखान्यातली एक नोकरी वाढली की तिच्या आधाराने सेवाक्षेत्रात आणखी सुमारे १.६ नोकऱ्या उभ्या राहतात, सलूनपासून वकिलापर्यंत. ही साखळी उलटीही फिरते. म्हणून मोठा कारखाना आणण्यासाठी गावं एकमेकांवर बोली लावतात.

जर्मनीतल्या बोखुम शहराने या बोलीचा शेवट पाहिला. नोकियाने तिथे कोट्यवधी युरोंचं सरकारी अनुदान घेतलं, २००८ मध्ये दोन हजारांहून अधिक लोकांचा कारखाना बंद केला आणि उत्पादन रुमानियात हलवलं. रुमानियातला कारखानाही २०११ मध्ये बंद झाला! बोखुममधूनच ओपेलनेही २०१४ मध्ये गाड्या काढणं थांबवलं. त्या जागेवर आज टपालपार्सलांचं मोठं केंद्र आहे आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळा आहेत. ते विद्यापीठ कोळशाच्या खाणींना घरघर लागली त्या काळात, १९६५ साली सुरू झालं. म्हणजे आज दिसणाऱ्या काही नोकऱ्यांचं बी पन्नास वर्षं आधी पेरलं होतं. मला वाटतं, अनुदान द्यायचं तर जे उचलून नेता येत नाही त्याला द्यावं.

उरतो तो माणूस, ज्याला बाजार घेतच नाही. त्याच्यासाठी सरकारने काम काढावं ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा करून दहा ठिकाणी दीर्घकाळ बेकार असलेल्यांना कायमची नोकरी द्यायचा प्रयोग मांडला. माणसाला बेकार ठेवायलाही तेवढाच खर्च येतो, हा त्यांचा युक्तिवाद. पुढे सरकारी तपासणीत ही बचत सांगितली तेवढी निघाली नाही. तरी कायदा वाढवला गेला, आणि मला त्यात वावगं दिसत नाही. खर्च होतो हे मान्य करूनच असं काम काढावं.

ऑक्टोबर २०२० मध्ये असाच प्रयोग आणखी एका गावात सुरू झाला. होय, मारिएनथालमध्येच. वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्या प्रत्येकाला आधी थोडी तयारी आणि मग पगारी काम. घ्यायचं की नाही ते त्याने ठरवायचं. प्रयोग चालला तोवर कुणी जुनं फर्निचर नीट करत होतं, कुणी बागा राखत होतं. ऑक्सफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी तपासलं, तर उत्पन्न वाढलंच, शिवाय दिवसाला घडी बसली, लोकांत मिसळणं वाढलं. शारीरिक तब्येतीत मात्र फरक आढळला नाही. हेही सांगायला हवं, कारण एक उपाय सगळ्याला पुरतो असं म्हणायची आपल्याला फार घाई असते.

मघाशी आत येताना एकाने विचारलं, ते टर्नर सध्या काय करतात? आमच्या कोर्सने त्यांना काही मिळालं नाही. एका वर्कशॉपमध्ये मुलांना लेथ शिकवतात, कंत्राटी. पदविका नाही, म्हणून हजेरीपत्रकावर त्यांचं पद ‘मदतनीस’ आहे. मागच्या महिन्यात मी गेलो होतो. माझ्याशी बोलत दारात उभे होते, लेथकडे पाठ. बोलता बोलता थांबले आणि मागे न बघताच ओरडले, “अरे, तीन नंबर! टूल काढ, धार गेलीय त्याची.”