सोनेरी, तपकिरी नव्हे : एअर फ्रायरमधली कंदमुळं

नमस्कार श्रोतेहो.

एकादशी जवळ आली की सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत रताळ्यांचे ढीग लागतात. हल्ली ती रताळी ज्या घरांत जातात, त्यांतल्या बऱ्याच ओट्यांवर एअर फ्रायर असतो. निदान सहा महिने असतो, मग तो माळ्यावर जातो. तक्रार ठरलेली : बाहेरून करपलं, आतून कच्चं. दोष यंत्राचा कमी, आणि कंदातल्या पाण्याचा आणि साखरेचा जास्त. पाणी आणि साखर, आज एवढंच लक्षात ठेवा.

आधी नावातलं ‘फ्रायर’ विसरा, ह्यात तळणं होतच नाही. वर कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. ही छोटी, वाऱ्यावर चालणारी भट्टी आहे. कढईत तेल चारी बाजूंनी भिडतं, इथं वारा भिडायला हवा. म्हणून फोडी एका थरात पसरा. टोपली गच्च भरली तर फोडी आपल्याच वाफेत उकडतात.

यंत्र १४०० वॅटच्या आसपास असतं, ते मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, वायर तापते. उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर, पंखे, मोटारी सगळं एकदम चालू होतं आणि व्होल्टेज उतरतं. २३० चं १९० झालं की तीच कॉइल जेमतेम ९५० वॅटची उरते. मग पुस्तिकेतली मिनिटं जुळत नाहीत आणि लोक यंत्राला शिव्या देतात. अशा वेळी पाच-सात मिनिटं जास्त धरा.

आता बटाटा. अर्धा किलो घ्या. फोडी बोटासारख्या, एक सेंटिमीटर जाड, आणि सगळ्या सारख्या. गार पाण्यात अर्धा तास ठेवा. पाणी दुधाळ होतं, तो वरवरचा स्टार्च, त्याच्याबरोबर थोडी साखरही जाते. पाणी फेका, फोडी पुन्हा धुवा, पुसा. पुसा म्हणजे खरंच कोरड्या करा. सोलापूरचे टॉवेल परदेशात जातात, एखादा आपल्या स्वयंपाकघरातही राहू द्या. मग चहाचे तीन चमचे तेल चोळा. ‘बिनतेलाचं’ ही जाहिरातीची भाषा आहे, बिनतेलाची फोड चामड्यासारखी चिवट होते. यंत्र चार मिनिटं रिकामं तापवा. १८० अंशांवर १२ मिनिटं, टोपली हलवा, मग २०० वर पाच ते सात मिनिटं. मीठ शेवटी, बाहेर काढल्यावर. आधी घातलं तर फोडीला पाणी सुटतं आणि पुसण्याची मेहनत वाया.

आणि थांबायचं कुठं? फोड सोनेरी झाली की. तपकिरी नव्हे, सोनेरी. ह्या एका शब्दामागे एक गोष्ट आहे, आणि ती सुरू होते एका रेल्वेच्या बोगद्यात.

दक्षिण स्वीडनमध्ये हालांडसोस नावाचा डोंगर आहे. १९९० च्या दशकात त्याच्या पोटातून रेल्वेचा बोगदा खणायला घेतला. खडक भेगाळलेला, पाणी इतकं झिरपायचं की काम पुढं सरकेना. १९९७ मध्ये त्या भेगांत एक रसायन दाबून भरलं. ते घट्ट होऊन पाणी अडेल असा हिशेब होता. पाणी पुरतं अडलं नाही, रसायनच पाण्याबरोबर वाहून गेलं. खालच्या ओढ्यात मासे मेले. ते पाणी प्यालेल्या गाईंना धड उभं राहवेना. बोगद्यातल्या मजुरांच्या हातापायांना मुंग्या यायला लागल्या, बोटं बधिर पडायला लागली. रसायनात होतं ॲक्रिलामाइड, मज्जातंतूंना अपाय करणारं.

मजुरांच्या अंगात ते किती गेलं हे पाहायला स्टॉकहोम विद्यापीठातल्या मार्गारेता टोर्नक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्त तपासलं. हे ॲक्रिलामाइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतं आणि काही आठवड्यांनंतरही सापडतं. तुलना हवी म्हणून बोगद्याशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांचंही रक्त घेतलं. ते कोरं निघेल अशी अपेक्षा. मजुरांपेक्षा कमी, पण खूण त्यांच्याही रक्तात होती! बोगदा न पाहिलेल्या माणसाच्या अंगात बोगद्यातलं रसायन आलं कुठून?

बिडी-सिगारेटच्या धुरात ते असतं, हे माहीत होतं. पण धूम्रपान न करणाऱ्यांतही ते सापडत होतं. मग जनावरांचं रक्त पाहिलं, त्यांच्यात ते फारच थोडं. माणूस असं काय करतो, जे जनावर करत नाही? माणूस अन्न चुलीवर चढवतो! उंदरांना भाजलेलं खाद्य देऊन पाहिलं, त्यांच्या रक्तातलं प्रमाण वाढलं. मग स्वयंपाकघरातले जिन्नसच तपासायला घेतले. जास्त संशय मांसावर होता. मांसात सापडलं थोडंसं, आणि बटाट्याच्या तळलेल्या, भाजलेल्या पदार्थांत कितीतरी पट जास्त. उकडलेल्या बटाट्यात मात्र जवळजवळ नाहीच. एप्रिल २००२ मध्ये हे जाहीर झालं आणि जगभरच्या वेफर्सवाल्यांची झोप उडाली. बोगदा मात्र रेंगाळतच राहिला, गाडी धावली डिसेंबर २०१५ मध्ये. आपल्याकडची कामं रखडली की ‘परदेशात असं होत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

कारण कळायला पुढं काही महिनेच लागले. बटाट्यात ॲस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, सोबत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ही जोडी १२० अंशांच्या वर एकत्र तापली की खमंग वास येतो, रंग येतो, आणि ॲक्रिलामाइडही तयार होतं. पाण्यात उकडताना तापमान १०० च्या पुढं जात नाही, म्हणून उकडलेला बटाटा सुटला. घाबरून जाऊ नका. प्राण्यांना मोठ्या मात्रेत दिल्यावर कर्करोग झाला, माणसाच्या जेवणातून तसं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पण रंग जितका गडद, तितकं ते जास्त. म्हणून सोनेरी, तपकिरी नव्हे.

साखरेचं हेच सूत्र धरा, म्हणजे बाकीचे कंद सोपे जातात. फ्रिजमध्ये बटाट्याच्या स्टार्चची साखर होऊ लागते, मग तो शिजायच्या आत लाल होतो. बटाटा बाहेर, अंधाऱ्या हवेशीर जागी ठेवा.

रताळं तर जातीचंच गोड, त्याला २०० अंश कधीच नकोत. दीड सेंटिमीटर जाड चकत्या, अर्धा किलोला दोन चमचे तेल, १७० ते १८० वर १५ मिनिटं, मधे एकदा उलटा. बटाट्यासारखी कुरकुरीत होणार नाहीत, तो हट्ट सोडा. उपासाला राजगिऱ्याचं पीठ चमचाभर भुरभुरलं तर थोडी कड येते. रताळं फ्रिजमध्ये ठेवलं तर शिजूनही मधला गाभा टणकच राहतो.

सुरण थेट टोपलीत टाकू नका. त्यातले सुईसारखे बारीक स्फटिक घसा खाजवतात आणि कोरड्या उष्णतेनं ते जात नाहीत. फोडी चिंचेच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, पाणी फेका, पुसा, मग १९० वर १२ ते १५ मिनिटं. अळकुड्या कुकरला एक शिट्टी काढून सोला, तळहातानं चपट्या दाबा, २०० वर दहा मिनिटं. साल काढलेल्या बिटाच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी १८० वर २० मिनिटं, गाजराला १५ पुरतात.

राहिला मसाला. सुकं तिखट सुरुवातीला घातलं तर करपून कडू होतं, त्यातून पंख्याचा वारा ते उडवून कॉइलवर नेतो आणि घरभर ठसका. तिखट शेवटच्या तीन मिनिटांत, थेंबभर तेलात कालवून. आणि आपली शेंगाचटणी तर यंत्रात मुळीच नको, फोडी परातीत काढल्यावरच. चटणी उखळात कुटलेली, बोटाला तेल लागेल अशी हवी. मिक्सरमध्ये फिरवलेल्या भुग्याला लोक सोलापुरी कसं म्हणतात, देव जाणे. मोठं ताट भरून फोडी असतील तर अर्धी मूठ चटणी, वरून लिंबू, आणि लगेच वाढायला घ्या, दहा मिनिटांत त्या मऊ पडतात.

नमस्कार.